क्रेडिट कार्डावरील मोफत विमा बंद होतो तेव्हा नेमके काय जाते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातील एका गृहस्थांच्या क्रेडिट कार्डावर विमान अपघात विमा, परदेशात रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास खर्च, प्रवासात सामान हरवल्यास भरपाई आणि खरेदी संरक्षण (कार्डावर घेतलेली वस्तू जळाली किंवा घरफोडीत गेली तर भरपाई) अशा सवलती होत्या. आता बँकेने पत्र पाठवून विमान अपघात विमा ठरावीक तारखेपासून बंद होईल आणि खरेदी संरक्षणाची मर्यादा कमी केली जाईल असे कळवले आहे; वार्षिक शुल्क मात्र पूर्वीइतकेच आहे. पत्नी व आई-वडिलांसह सिंगापूरला जाण्याची तिकिटे त्यांनी हे पत्र येण्यापूर्वीच त्या कार्डावर काढली असून प्रवास त्या तारखेनंतर आहे. तिकीट आधी काढल्यामुळे जुने संरक्षण टिकेल का, टिकणार नसेल तर त्याच्या जागी काय घ्यावे, आणि कार्ड बंद करावे का, असे त्यांनी विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक प्रकरणांत ‘नाही’ असेच द्यावे लागते, आणि त्याचे कारण समजून घेतले तर बाकीच्या प्रश्नांची उत्तरे बरीचशी आपोआप सुटतात. कार्डावरचा विमा हा आपला विमा नसतो. बँक एखाद्या विमा कंपनीकडून स्वतःच्या नावाने एक समूह पॉलिसी घेते, तिचा हप्ता बँक भरते, आणि ठरावीक प्रकारचे कार्डधारक त्या पॉलिसीतील लाभार्थी म्हणून गणले जातात. ही पॉलिसी साधारणतः वर्षावर्षाची असते; नूतनीकरणाच्या वेळी विमा कंपनी बदलते, रक्कम बदलते, अटी बदलतात, आणि हप्ता परवडेनासा झाला की बँक ती बंदही करते. घरमालकाने जिन्यात लावलेल्या दिव्यासारखे हे आहे; उजेड आपल्याला मिळतो, पण तो दिवा काढायचा झाल्यास भाडेकरूला विचारले जात नाही. अपघात विम्यात महत्त्वाची असते ती अपघाताची तारीख. त्या दिवशी समूह पॉलिसी चालू असेल आणि तिच्या अटी पूर्ण झाल्या असतील तर दावा उभा राहतो. तिकीट कोणत्या तारखेला काढले याने संपलेली पॉलिसी पुन्हा जिवंत होत नाही. याला अपवाद असू शकतो, पण तो बँकेने स्वतः लिहून दिलेला असावा लागतो. अमेरिकेत सिटी बँकेने २२ सप्टेंबर २०१९ पासून आपल्या बहुतेक कार्डांवरील प्रवास व खरेदी संरक्षण काढून घेतले, तेव्हा त्या तारखेपूर्वी केलेल्या खरेदीला जुने संरक्षण लागू राहील असे तिने स्पष्ट जाहीर केले होते. आपल्याला आलेल्या पत्रात असे वाक्य नसेल, तर ते गृहीत धरू नये. ज्यांची मुले अमेरिकेत नोकरीला आहेत आणि तिथल्या कार्डावर आई-वडिलांची तिकिटे काढतात, त्यांनीही त्या कार्डाची अलीकडची अटीपत्रिका पाहावी. तिथेही ही काटछाट बरीच वर्षे चालू आहे.

आपल्याकडची ठळक घटना म्हणजे एसबीआय कार्डाचा निर्णय. त्या कंपनीने १५ जुलै २०२५ पासून एलिट, माइल्स एलिट आणि माइल्स प्राइम या कार्डांवरील १ कोटी रुपयांचे, तर प्राइम आणि पल्स या कार्डांवरील ५० लाख रुपयांचे मोफत विमान अपघात संरक्षण बंद केले, आणि ११ ऑगस्ट २०२५ पासून हाच निर्णय इतर बँकांच्या नावाने निघणाऱ्या तिच्या अनेक संयुक्त कार्डांनाही लागू केला. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाच्या विमानाला झालेल्या अपघातानंतर अनेकांना आपल्या कार्डावर असा काही विमा आहे हे प्रथमच आठवले होते, आणि लगेच पुढच्या महिन्यात तो बंद झाल्यामुळे लोकांच्या मनात संशय निर्माण झाला. माझ्या मते कारण अधिक साधे आहे. विमानतळावरील लाउंज, रिवॉर्ड पॉइंट, विमा या सर्व गोष्टी बँका कार्डाच्या उत्पन्नातून भागवतात, आणि खर्च कमी करायची वेळ आली की ज्या गोष्टीची ग्राहक रोज आठवण काढत नाही ती आधी जाते. विम्याचे दुर्दैव असे की त्याची आठवण दावा करायच्या दिवशीच येते.

आता नेमके काय गेले याचा हिशेब करू. एक कोटी हा आकडा मोठा वाटतो, पण तो मिळण्यासाठी काय काय जुळून यावे लागत होते ते पाहावे. नियमित प्रवासी विमानाचा अपघात व्हायला हवा. तिकिटाचे पूर्ण पैसे त्याच कार्डावर भरलेले हवेत. अनेक कार्डांच्या बाबतीत अपघातापूर्वीच्या ठरावीक दिवसांत, उदाहरणार्थ ९० दिवसांत, कार्डावर एखादी तरी खरेदी झालेली हवी. आणि मृत व्यक्ती मुख्य कार्डधारक हवी. ही शेवटची अट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपण चौघांची तिकिटे एका कार्डावर काढली असली तरी संरक्षण बहुधा एकट्या आपल्याला होते. पत्नी आणि आई-वडील पूर्वीही त्यात नव्हते आणि आताही नाहीत. घरच्यांना अ‍ॅड-ऑन म्हणजे आपल्याच खात्यावरचे जोडकार्ड दिले म्हणजे विमाही दिला, असे समजू नये.

तिकिटाची अट कोल्हापूरसारख्या शहरात विशेष अडचणीची ठरते. आपल्याकडे परदेशाची सहल अजूनही ओळखीच्या ट्रॅव्हल एजंटकडून काढण्याची पद्धत आहे. राजारामपुरीतील किंवा शाहूपुरीतील एजंटला आपण धनादेशाने, रोखीने किंवा यूपीआयने पैसे देतो आणि तो स्वतःच्या खात्यातून विमान कंपनीचे तिकीट काढतो. अशा वेळी तिकीट आपल्या कार्डावर काढलेले नसते. एजंटच्या दुकानात कार्ड घासले असले, तरी तो व्यवहार सहल कंपनीच्या नावाने होतो, विमान कंपनीच्या नावाने नव्हे, आणि विमा कंपनी हा मुद्दा उपस्थित करू शकते. प्रवास विम्याचे दावे हाताळताना पॉलिसी होती पण तिकीट तिच्यात बसत नव्हते, हे कारण मला पॉलिसीच नसण्यापेक्षा अधिक वेळा दिसले आहे.

म्हणून विमान अपघात विमा गेला याचे मी फार दुःख करणार नाही. कोल्हापूरच्या माणसाचा अपघाताचा खरा धोका विमानात कमी आणि पुणे–बेंगळुरू महामार्गावर जास्त आहे, आणि तिथे या विम्याचा काहीही उपयोग नव्हता. घरातील कमावत्या व्यक्तीचा पुरेशा रकमेचा मुदत विमा असेल, तर मृत्यू विमानात होवो, मोटारीत होवो की आजाराने, ती रक्कम कुटुंबाला मिळतेच. त्यात अपंगत्वाचा भाग नसतो. त्यासाठी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्यावी. विमा नियामकाने सर्व सामान्य विमा कंपन्यांना १ एप्रिल २०२१ पासून ‘सरल सुरक्षा बीमा’ या नावाची प्रमाणित अपघात पॉलिसी विकणे बंधनकारक केले असून तिची विमा रक्कम अडीच लाखांपासून एक कोटीपर्यंत घेता येते. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना १८ ते ७० वर्षे वयोगटासाठी आहे आणि अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये देते. आपले वडील या वयात बसत असतील तर त्यांच्या खात्यावरही ती चालू आहे का ते पाहावे. रेल्वेचे ई-तिकीट काढताना ४५ पैशांत मिळणारा पर्यायी प्रवास विमाही मृत्यूला दहा लाखांचे संरक्षण देतो. महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जाताना ती चौकट रिकामी सोडण्याचे काहीच कारण नाही. या अपघात पॉलिसी एकमेकींची रक्कम कापत नाहीत, प्रत्येक जण आपापली रक्कम देते, त्यामुळे लहान लहान संरक्षणेही जमा होत जातात.

परदेशातील वैद्यकीय खर्चाचा भाग मात्र मी गांभीर्याने घेईन. आपल्या कार्डावर तो अजून चालू आहे असे पत्रावरून दिसते, तरीही त्यावर विसंबून आई-वडिलांना परदेशी नेऊ नये. वर सांगितलेली मुख्य कार्डधारकाची अट इथेही लागू होते, आणि पूर्वीपासून असलेल्या आजारांना समूह पॉलिसीत बहुधा जागा नसते. सिंगापूरमधील खासगी रुग्णालयात दोन-चार दिवस काढावे लागले, तर येणारे बिल सहलीच्या एकूण खर्चापेक्षा मोठे असू शकते. चौघांसाठी स्वतंत्र परदेश प्रवास विमा घ्यावा. तो भारत सोडण्यापूर्वीच घ्यावा लागतो. त्यातील सहल रद्द होण्याचे संरक्षण उपयोगी पडायचे असेल, तर विमा निघण्याच्या आदल्या दिवशी न घेता तिकीट व हॉटेलचे पैसे भरल्यावर लगेच घ्यावा, म्हणजे मधल्या काळात वडिलांना अचानक रुग्णालयात ठेवावे लागले तरी दावा करता येतो. आपली तिकिटे निघालेली आहेत, तेव्हा हे काम आता पुढे ढकलू नये. प्रस्तावात मधुमेह, रक्तदाब, अँजिओप्लास्टी यांतील काहीही लपवू नये. हप्ता थोडा वाढेल, किंवा त्या आजारासाठी केवळ जीवघेण्या तातडीच्या प्रसंगातच आणि मर्यादित खर्च मिळेल अशी अट पडेल. पण आजार लपवून घेतलेल्या पॉलिसीवर हप्ता भरणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. वयस्कर प्रवाशांच्या पॉलिसीत खोलीभाडे, शस्त्रक्रिया, डॉक्टरांची भेट यांच्यावर वेगवेगळ्या उपमर्यादा असतात. एकूण विमा रकमेचा मोठा आकडा पाहून खूश होण्याऐवजी त्या उपमर्यादांचा तक्ता मागून घ्यावा. पुढे कधी युरोपला जायचे झाले, तर शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचे वैद्यकीय संरक्षण संपूर्ण मुक्कामासाठी आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी दाखवावे लागते. दूतावासाला प्रवाशाचे नाव व तारखा असलेले प्रमाणपत्र हवे असते, कार्डाच्या माहितीपत्रकाने ते काम होत नाही.

सामानाच्या बाबतीत कार्डाच्या विम्यापेक्षा विमान कंपनीची जबाबदारी आधी लक्षात घ्यावी. भारत माँट्रियल कराराचा सदस्य आहे, आणि त्या करारानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात सामान हरवले, खराब झाले किंवा उशिरा आले, तर विमान कंपनीची कमाल जबाबदारी २८ डिसेंबर २०२४ पासून प्रति प्रवासी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास आहे. ही कमाल मर्यादा आहे, सरसकट मिळणारी रक्कम नव्हे. नुकसान दाखवावे लागते. बॅग आली पण फुटलेली असेल, तर सात दिवसांत आणि उशिरा आली असेल, तर ती हाती आल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. आपला परतीचा प्रवास बहुधा मुंबईला संपेल आणि पुढे आपण गाडीने किंवा दुसऱ्या विमानाने कोल्हापूरला याल. बॅग पट्ट्यावर दिसली नाही, तर विमानतळाबाहेर पडण्यापूर्वी तिथल्या काउंटरवर सामान न मिळाल्याचा अहवाल करून घ्यावा आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी. घरी पोचल्यावर ईमेल करू, असे म्हणून निघालेल्या प्रवाशाचा दावा विमान कंपनीकडेही अडतो आणि विमा कंपनीकडेही, कारण दोघांनाही हाच पहिला कागद हवा असतो. बोर्डिंग पास आणि बॅगेचे चिकटपट्टीचे टॅग घरी परतेपर्यंत टाकून देऊ नयेत.

खरेदी संरक्षणाची मर्यादा कमी झाली यात गमावण्यासारखे थोडेच आहे, हे माझे मत कदाचित कठोर वाटेल. हे संरक्षण कार्डावर घेतलेली वस्तू पुढील ठरावीक दिवसांत आगीत जळाली किंवा घरफोडीत गेली तर तिची किंमत देते. बहुतेक अटीपत्रिकांत घरफोडी म्हणजे कुलूप, दार किंवा खिडकी तोडून झालेली चोरी. मध्यवर्ती बसस्थानकावर पिशवी विसरली किंवा रंकाळ्यावर गाडीच्या मागच्या सीटवरून लॅपटॉप गेला, तर तो बहुधा यात बसत नाही. गुजरीतून घेतलेले दागिने, रोख रक्कम, नाशवंत वस्तू हे जवळजवळ सर्वत्र वगळलेले असते, आणि काही ठिकाणी मोबाइलही. उद्यमनगरातील लघुउद्योजकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. वस्तू वैयक्तिक कार्डावर घेतली पण जीएसटीचा परतावा मिळावा म्हणून बिल फर्मच्या नावाने केले, तर ती व्यावसायिक वापराची वस्तू ठरून दावा फेटाळला जाऊ शकतो. दोन्ही लाभ एकाच बिलावर मिळत नाहीत.

कोल्हापूरकरांना सर्वांत लागणारी गोष्ट तर यात अनेकदा नसतेच. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दुधाळी या भागांतील कित्येक घरांत नवे फ्रीज आणि वॉशिंग मशीन पाण्यात गेले. केवळ आग आणि घरफोडी लिहिलेल्या खरेदी संरक्षणात पुराचे पाणी येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ज्यांच्या घरी हे आकडे दर पावसाळ्यात रोज विचारले जातात, त्यांनी कार्डाच्या सवलतीत झालेल्या कपातीची चिंता सोडून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित घर विमा पॉलिसी घ्यावी. तीही १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांकडे आहे, तिच्यात आगीबरोबर पूर आणि भूकंपही येतो, आणि इमारतीचा विमा घेतला की घरातील सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल दहा लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. घरफोडी हवी असल्यास ती स्वतंत्रपणे जोडून घ्यावी लागते.

खरेदीत जे वाद प्रत्यक्षात वारंवार होतात, म्हणजे पैसे गेले पण वस्तू आली नाही, भलतीच आली, परत पाठवली पण पैसे आले नाहीत, त्यांच्यासाठी विमा लागतच नाही. तिथे चार्जबॅक, म्हणजे कार्डाच्या बँकेमार्फत विक्रेत्याकडून पैसे परत, मागावा, आणि तो अधिकार कार्डावर आजही शाबूत आहे. बिलातील रकमेवर ग्राहकाने हरकत घेतली, तर कार्ड देणाऱ्या संस्थेने ३० दिवसांच्या आत स्पष्टीकरण व आवश्यक तिथे कागदोपत्री पुरावा द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. कार्ड हरवल्यावर किंवा त्याचा गैरवापर झाल्यावर मिळणाऱ्या संरक्षणाचेही तसेच आहे. बँकेने ‘कार्ड हरवल्यास विमा’ ही सवलत काढली, म्हणून घाबरू नये, कारण रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेल्या नियमानुसार त्रयस्थाच्या कृत्यामुळे झालेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य असते. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत कळवल्यास ती मर्यादित असते. पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डासाठी प्रति व्यवहार कमाल १० हजार आणि त्याहून मोठ्या कार्डासाठी २५ हजार रुपये. स्वतःहून ओटीपी सांगितला असेल, तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले.

राहिला कार्ड बंद करण्याचा प्रश्न. विमा काढून घेणे म्हणजे शुल्कवाढ नव्हे, असे बँक म्हणेल आणि शब्दशः ते खरे आहे. शुल्कात बदल करताना एक महिना आधी सूचना देण्याचे आणि बदल प्रतिकूल वाटल्यास जादा आकार न घेता कार्ड परत करू देण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत आहे, ते शुल्कापुरते आहे. पण कार्ड बंद करायला कारण द्यावे लागत नाही. थकबाकी नसेल तर अर्ज केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने ते बंद केले पाहिजे, अन्यथा पुढील प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा असतो. माझा सल्ला असा की, मागील वर्षी या कार्डावरून प्रत्यक्ष मिळालेले पॉइंट, शुल्कमाफी, लाउंज यांची रुपयांत बेरीज करावी आणि विम्यासाठी त्यात शून्य धरावे. ती वार्षिक शुल्कापेक्षा कमी भरत असेल, तर पुढील शुल्क बिलात येण्यापूर्वी साठलेले पॉइंट वापरून कार्ड बंद करावे. त्याआधी ग्राहक सेवेला खालच्या श्रेणीचे बिनशुल्क कार्ड मिळेल का हे विचारून पाहण्यास हरकत नाही. मात्र सिंगापूरहून परत येईपर्यंत थांबावे, कारण त्या तिकिटांचा परतावा किंवा सामानाचा दावा करायची वेळ आली, तर कार्ड चालू असणे सोयीचे पडते.

तोपर्यंत बँकेला एक ईमेल अवश्य पाठवावा. माझ्या कार्डावर आजच्या तारखेला कोणकोणते विमा लाभ चालू आहेत, ते कोणत्या विमा कंपनीच्या कोणत्या क्रमांकाच्या समूह पॉलिसीखाली आहेत, ती पॉलिसी कोणत्या तारखेपर्यंत आहे, दावा किती दिवसांत कळवायचा आणि माझा नॉमिनी नोंदलेला आहे का, इतकेच त्यात विचारावे. विमा देताना ग्राहकाची स्पष्ट संमती आणि नॉमिनीचा तपशील घेणे हे बँकेचेच काम आहे, त्यामुळे उत्तर टाळण्यास तिला जागा नाही. संकेतस्थळावरील अटीपत्रिका त्याच दिवशी उतरवून तारखेसह जपून ठेवावी, कारण नवी आली की जुनी तिथून नाहीशी होते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. विमा कंपनीने दावा नाकारला, तर मार्ग वेगळा आहे; आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे आणि तिथे समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे, ज्याचे कोल्हापूरसाठीचे कार्यालय पुण्यात आहे. समूह पॉलिसीतील लाभार्थीलाही तो दरवाजा खुला आहे. याशिवाय कोल्हापुरातच जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तिथे जाता येते आणि ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार दाखल करण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिलेली असल्यामुळे बँकेचे मुख्य कार्यालय मुंबईत किंवा दिल्लीत आहे, ही सबब चालत नाही.